कच्चे कैदी, सत्याग्रह आणि बाबासाहेबांची अट

मागच्या महिन्यात वस्तीतल्या बुद्धविहारात आमचा अभ्यासवर्ग होता. विषय संविधान. मी बोलून खाली बसलो आणि कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा उठला. म्हणाला, "दादा, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सगळं सोडून द्यायला सांगितलं. त्याला त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं. मग तुम्ही लोक कैद्यांसाठी मनाई आदेश मोडून रस्त्यावर का बसता? हे बाबासाहेबांच्या विरोधात नाही का?"

प्रश्न थेट होता आणि मुलगा वाचून आला होता. मी तिथे काहीतरी उत्तर दिलं, लोकांनी मान डोलावली, चहा झाला. पण माझं स्वतःचं समाधान झालं नाही. कारण हा प्रश्न मला २०१८ पासून छळतो आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. यात मी कुठे कमी पडलो तेही लिहिणार आहे, कारण ते लपवून हा विषय मांडता येणार नाही.

आधी भाषणाकडे बघू. आपल्याकडे बाबासाहेबांचं अर्धं वाक्य घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत. बाबासाहेब त्या दिवशी म्हणाले ते असं: सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टं गाठण्यासाठी घटनात्मक मार्ग उपलब्ध नव्हते, तेव्हा बिगर-घटनात्मक मार्गांना बरंच समर्थन होतं. आता घटनात्मक मार्ग खुले आहेत, तेव्हा त्या मार्गांना समर्थन उरत नाही. म्हणजे त्यात एक अट आहे, मार्ग खुला असण्याची. ही अट विसरून ते भाषण आंदोलन करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर फेकणं हा अप्रामाणिकपणा आहे. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. 'आमच्यासाठी मार्ग बंद आहे' असं कोणीही उठून म्हणू शकतो. आज बहुसंख्याकांच्या झुंडीही तसंच म्हणतात. म्हणून मार्ग खरोखर बंद आहे की नाही हे पुराव्याने सांगायची जबाबदारी कायदा मोडणाऱ्याची आहे. ती घ्यायची नसेल तर बाबासाहेबांचं नाव घेऊ नये.

स्वतः बाबासाहेबांनी ती जबाबदारी कशी घेतली हे महाडला दिसतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो लोक महाडला जमले. आणि त्याआधीच सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. तो दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाली निघाला. जवळजवळ दहा वर्षं. त्या मुलाच्या प्रश्नामागे हाच आदर्श आहे, आणि तो चुकीचा नाही.

पण मी त्याला एक उलटा प्रश्न विचारतो. ती दहा वर्षं महाडचे लोक कुठे होते? घरी होते. अपमान सोसत होते, बहिष्कार सोसत होते, पण शेतावर जात होते, मुलांना शाळेत घालत होते, पुढची सभा घेत होते. दावा न्यायालयात होता आणि माणसं बाहेर होती. कच्च्या कैद्याचं तसं नाही. त्याचा दावा चालतो तेव्हा तो स्वतः आत असतो. दहा वर्षांनी निर्दोष सुटला तरी शिक्षा भोगून झालेली असते. जमिनीचा, पाण्याचा, नोकरीचा हक्क उशिरा का होईना परत मिळू शकतो. गेलेले दिवस कोणतंही न्यायालय परत देऊ शकत नाही. म्हणून कैदेच्या बाबतीत उशिराने न्याय देणारा मार्ग खुला आहे असं म्हणणं म्हणजे कागदावर दार काढून त्यातून जायला सांगण्यासारखं आहे.

आता पुराव्याकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. शंभरातले पंचाहत्तर. त्यांत अनुसूचित जातींचा वाटा साधारण पाचातला एक, तर २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १६.६ टक्के. आदिवासी आणि मुसलमान यांचंही प्रमाण असंच लोकसंख्येपेक्षा जास्त. तुरुंगाच्या आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. झाडू आणि संडास कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे, हे अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जातीवरून लिहून ठेवलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केले. संविधान लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर!

१९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं होतं की गरिबाकडून त्याला न झेपणारा जामीन मागणं अन्याय आहे. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी लवकर खटला चालणं हा मूलभूत हक्क ठरला. मग सगळं ठरलेलंच आहे की! तरीही आपल्या वस्तीतला पोरगा जामीन मंजूर होऊन आत का बसतो? कारण हुकमात 'ऐपतदार जामीनदार' लिहिलेलं असतं. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ऐपतीचा दाखला कोण देणार?

यूएपीएची गोष्ट तर आणखी वेगळी. २००८ मध्ये त्यात ४३-ड कलम आलं. त्याच्या पाचव्या पोटकलमानुसार, आरोप सकृतदर्शनी खरे वाटत असतील तर न्यायालयाने जामीन द्यायचाच नाही. खरे वाटतात की नाही ते कशावरून ठरवायचं? पोलिसांनीच लिहिलेल्या कागदांवरून. भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर एल्गार परिषद प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झालेले सुधीर ढवळे जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर सुटले. साडेसहा वर्षांहून अधिक काळ, आणि तोवर आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. फादर स्टॅन स्वामी हे झारखंडच्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात गेलेले गृहस्थ. त्यांना कंपवात होता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते कच्चे कैदी म्हणूनच गेले. त्यांचा जामीन अर्ज तेव्हा सुनावणीला होता. मार्ग खुला होता, नाही का?

इथे कोणी म्हणेल, हे सगळे डावे, नक्षल समर्थक, आपला काय संबंध? मित्रहो, हा प्रश्न आपल्यातच जास्त विचारला जातो म्हणून बोलतो. त्यांचं राजकारण मला पटतं असं नाही. अनेक मुद्द्यांवर माझा त्यांच्याशी उघड वाद आहे. पण कलम २२ मधलं अटकेचं कारण सांगणं, वकील मिळणं, चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करणं हे संरक्षण कोणासाठी आहे? आपल्याला पटणाऱ्यांसाठी? सप्टेंबर १९४९ मध्ये हे कलम घटना समितीत मांडलं ते बाबासाहेबांनीच. 'कायद्याने घालून दिलेली पद्धत' एवढ्याच शब्दांवर व्यक्तिस्वातंत्र्य सोडलं, ही टीका झाली होती. त्याची काही अंशी भरपाई म्हणून हे कलम आणल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, आणि तिचंही समर्थन त्यांनी केलं. ते मी लपवत नाही. पण तिथेसुद्धा त्यांनी मुदत घातली, सल्लागार मंडळ घातलं. अटकेची सत्ता मोकाट सोडायची नाही हा त्यामागचा विचार आहे.

आता सत्याग्रहाकडे. आपल्याच चळवळीतलं एक उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कबीर कला मंच. पुण्यातल्या वस्त्यांतली पोरं, बाबासाहेबांची गाणी गाणारी. यूएपीए लागल्यावर ते भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर आले, गाणी गायली आणि अटक करवून घेतली. शीतल तेव्हा गरोदर होती. ही शरणागती नाही, हा सत्याग्रह आहे, असं त्यांनी जाहीर सांगितलं. पुढच्या महिन्यात सागर गोरखे आणि रमेश गायचोर त्याच मार्गाने आले. शीतलला जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. बाकी तिघांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं, तोही सर्वोच्च न्यायालयातून.

हे लोक काय करत होते? ते कायद्यापासून पळत नव्हते. उलट पळणं थांबवून कायद्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही इथे आहोत, गुन्हा सिद्ध करा. हे अराजकाचं व्याकरण आहे का? मला तर हे घटनेवर दाखवलेल्या विश्वासाचं टोक वाटतं. त्या विश्वासाचं व्यवस्थेने काय केलं? पावणेचार वर्षं आत ठेवलं. आणि सप्टेंबर २०२० मध्ये सागर आणि रमेश यांना एल्गार प्रकरणात पुन्हा अटक झाली. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीम जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेसमोर हजर झाले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, बाहेर आले. या दोन तारखा मला सारख्या आठवतात.

उपोषणाबद्दल आपल्या मनात जी अढी आहे तीही बोलायला हवी. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात एक उपोषण झालं आणि त्याच्या दडपणाखाली आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यामुळे तुरुंगातलं उपोषण म्हटलं की आंबेडकरी माणसाच्या अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण फरक बघा. येरवड्यातल्या उपोषणाचं ओझं देशातल्या सर्वांत दुबळ्या समाजावर पडलं. गांधीजींना काही झालं असतं तर गावोगाव आपली घरं पेटली असती, ही भीती खरी होती. म्हणजे ते वरून खाली टाकलेलं वजन होतं. याउलट १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवस उपाशी राहून गेले, ते राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा या मागणीसाठी. २०२२ च्या मे महिन्यात सागर गोरखेने तळोजा कारागृहात उपोषण केलं, त्यातली एक मागणी मच्छरदाणीची होती. स्टॅन स्वामींच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहआरोपींनी तिथे एक दिवस अन्न घेतलं नाही. ज्याच्याकडे स्वतःचं शरीर सोडून काही उरलेलं नाही त्याचं हे बोलणं आहे. हत्यार तेच, पण कोण कोणावर उचलतो यावर त्याचा न्याय ठरतो.

आता माझी गोष्ट.

३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर आमच्या वस्तीत रात्रीचं कोम्बिंग झालं. दारं वाजवून पोरं उचलली. शेजारच्या मावशींचा मुलगा १९ वर्षांचा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. दुकान बंद म्हणून दिवसभर घरात होता. त्याला नेलं. दंगल, सरकारी कामात अडथळा, अशी कलमं लावली. आम्ही चौथ्या दिवशी परवानगी नसताना रस्त्यावर बसलो. एकतीस जण होतो. घोषणा दिल्या, उठा म्हटल्यावर उठलो नाही, मग उचलून व्हॅनमध्ये घातलं. पोलीस मैदानात दिवसभर बसवलं, दुपारी वडापाव दिला, संध्याकाळी नावं-पत्ते लिहून सोडलं. वस्तीत आल्यावर पोरांनी जयभीमच्या घोषणा दिल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशी दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू संध्याकाळी घरी आलास. माझा कुठाय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. त्यांना वाटलं होतं, आम्ही आत गेलो म्हणजे तो बाहेर येईल.

मुलाला जामीन मंजूर झाला तो चौतिसाव्या दिवशी. त्यानंतर तो आणखी सोळा दिवस आत होता, कारण ऐपतदार जामीनदार मिळेना. आमच्यात घोषणा देणारे पुष्कळ होते, पण कोर्टात उभं राहून 'मी याचा जामीनदार' म्हणायला, कागदपत्रं द्यायला माणूस मिळेना. मीही गेलो नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. शेवटी वकिलांनी अर्ज करून रोख जामीन करून घेतला आणि वर्गणी काढून पैसे भरले. ते सोळा दिवस तुरुंगाने नाही, आम्ही घालवले.

दीड-दोन वर्षांनी आमच्यावरचा मनाई आदेश मोडल्याचा खटला उभा राहिला. वकील म्हणाले, दोन रस्ते आहेत. कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. नाहीतर लढा, तक्रार योग्य अधिकाऱ्याने लेखी दिलेली नाही, तांत्रिक मुद्द्यावर सुटाल. मी लढलो आणि सुटलो. बहुतेकांनी दंड भरला. आमच्यात एक आजी होत्या, पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "बसले होते साहेब. हुकूम आहे हे माहीत होतं. पोरं सोडा म्हणून बसले. दंड नाही भरणार." दंडाऐवजी साध्या कैदेचा हुकूम झाला आणि त्या आत गेल्या. चार दिवस राहिल्या.

आजी बाहेर आल्या त्या हातात कागद घेऊन. त्यांना लिहिता येत नव्हतं, बराकीतल्या एका मुलीकडून लिहून घेतला होता. जामीन होऊनही जामीनदार नाही म्हणून बसलेल्या बायकांची नावं आणि खटल्यांचे नंबर. सहा नावं. तो कागद घेऊन आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो, खेटे घातले. सहापैकी दोघी जातमुचलक्यावर सुटल्या. एकीचा खटला चोरीचा, रक्कम तिच्या जामिनापेक्षाही कमी होती.

आता मला सांगा, आमच्यात सत्याग्रह कोणी केला? मी तांत्रिक मुद्द्यावर सुटलो तो माझा हक्क होता, त्याची मला लाज नाही. बाबासाहेबांनीही दावे लढवले. पण मग मी त्याला सत्याग्रह म्हणू नये. कायदेभंगाची किंमत भरायची वेळ आली तेव्हा मी कायद्याची पळवाट घेतली. आजींनी हुकूम मोडला, मोडल्याचं सांगितलं, शिक्षा घेतली आणि त्या शिक्षेतूनही काम काढलं. कायद्याचा असा आदर मी बड्याबड्या घटनातज्ज्ञांत पाहिलेला नाही.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं आहे. बाबासाहेबांची अट खरी आहे आणि ती आपण पाळायची. अर्ज, जामीन, अपील, जनहित याचिका, माहिती अधिकार, हे सगळं आधी आणि सोबतही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले कैदी यातून वगळले आहेत. आपल्या वस्तीतल्या कितीजणांना हे माहीत आहे? हे न करता रस्त्यावर बसणं म्हणजे नुसता फोटो.

पण हे सगळं करूनही दार उघडत नसेल, तर शांतपणे, हात न उगारता, तोंड न लपवता हुकूम मोडणं आणि त्याची शिक्षा घेणं, हे घटनेच्या विरोधात नाही. बाबासाहेब हयात असताना, संविधान लागू झाल्यावर, १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आपली माणसं तुरुंगात गेली. ६ डिसेंबर १९६४ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला आणि लाखो लोकांनी तुरुंग भरले. दादासाहेबांना बाबासाहेब कळले नव्हते असं कोणाला म्हणायचं असेल तर त्याने पुढे येऊन म्हणावं.

त्यांनी मात्र तुरुंग भरले ते संध्याकाळी घरी यायचं ठरवून नव्हे. आपण 'जेलभरो' म्हणतो आणि जेल भरत नाही, मैदान भरतो.

आम्ही आता वस्तीत एक वही केली आहे. ज्यांचं स्वतःचं घर आहे, ज्यांची पगाराची स्लिप आहे, अशा सव्वीस जणांनी तिच्यात सही केली आहे की वस्तीतल्या कोणालाही जामीन झाला तर आम्ही जामीनदार म्हणून उभे राहू. पहिली सही माझी आहे, सात वर्षं उशिरा केलेली. मावशींना वही दाखवली. त्यांनी नावं मोजायला लावली आणि म्हणाल्या, अजून पाहिजेत.

त्या कायद्याच्या विद्यार्थ्याला मी पुढच्या रविवारी बोलावलं आहे. सही करायला नाही, त्याच्या नावावर अजून काही नाही. आजींच्या कागदावरची चार नावं राहिली होती, त्यांचं पुढे काय झालं ते त्याने खटल्यांचे नंबर घालून शोधायचं आहे.

जयभीम. जय संविधान.